लिहायचा हात, जेवायचा हात

"डावीकडे घ्या," खैरमोडे मॅडम म्हणाल्या, आणि मी गाडी उजवीकडे घेतली.

आरटीओचं ते मैदान तसं लहानच. मधोमध पाण्याची टाकी. टाकीपासून डावीकडे फक्कीने आखलेला परीक्षेचा रस्ता, आणि उजवीकडे, कुंपणाला लागून, चहाची टपरी. टपरीसमोरच्या बाकड्यावर बसलेली माणसं आपापले कप घेऊन उठली आणि शांतपणे बाजूला झाली. अंगावर गाड्या येण्याची त्यांना सवय असावी. मी ब्रेक दाबला. गाडी बाकड्याला अगदी हलकेच टेकली आणि बंद पडली.

"काका," मॅडम म्हणाल्या, "मी काय म्हणाले?"

"डावीकडे."

"आणि आपण कुठं आलोय?"

"चहाला."

मला विनोद करायचा नव्हता. समोर जे दिसलं ते सांगितलं. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, खाकी गणवेशातल्या, आवाज चढवायची गरजच न पडणाऱ्या बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

"ऐकायला कमी येतं का?"

"नाही."

"घाबरलात?"

"घाबरलेला मी नेहमीच असतो."

"गाडी तर छान चालवता. क्लच, गिअर, आरशात बघणं, सगळं नीट. वळताना इंडिकेटरसुद्धा दिलात. फक्त उजवीकडचा." त्यांनी दार उघडलं. "नापास करावं लागतंय काका. पुढच्या सोमवारी परत या. घरी डावं-उजवं पक्कं करून या."

मैदानाबाहेर इलाहीभाई मुल्ला उभे होते. गावात त्यांचं मोटर ड्रायव्हिंग स्कूल होतं. माझ्याकडे नुसतं शिकाऊ लायसन्स, त्यामुळे माझीच गाडी मैदानापर्यंत आणायचं आणि परत न्यायचं काम मी त्यांच्यावर सोपवलं होतं.

"सर, सरळ चा प्यायलाच गेलात की," ते म्हणाले.

"चुकलं."

"तुम्ही कॉलेजात लायब्रेरियन होता न्हवं? पुस्तकं कपाटात कुठनं कुठं लावायचा?"

"डावीकडून उजवीकडे."

"मग? तेच की हे."

"पुस्तकं लावताना मी तसं म्हणत नाही. नुसती लावतो."

इलाहीभाईंनी यावर गाडी सुरू करेपर्यंत विचार केला. "खरं हाय," ते म्हणाले. "शाळेत मराठी आणि घरी उर्दू शिकवायला लागले तवा माझंबी असंच झालं हुतं. कुठनं सुरवात करायची तेच कळंना."

त्यांच्या या बोलण्याने मला फार बरं वाटलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. मार्केट यार्डाच्या नाक्यावर एका हवालदाराने गाडी अडवली, लायसन्स मागितलं आणि ते उलटसुलट करून बघितलं. "आजोबा," तो म्हणाला, "हे तुमच्या पन्नासाव्या वाढदिवसाला वारलंय." मी ते वर्षानुवर्षं शब्दकोशात खूण म्हणून घालून ठेवलं होतं; नेमकं त्याच सकाळी सापडलं म्हणून खिशात टाकलं होतं. त्याच्यावर तारीख आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मुदत संपून इतकी वर्षं उलटल्यावर नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा परीक्षा द्यावी लागते, असं कळलं. कॉम्प्युटरवरची लेखी परीक्षा मी पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झालो. पुस्तकातलं काहीही मला येतं. पुस्तकाबाहेर पडलं की पंचाईत होते.

आणि डाव्या-उजव्याची पंचाईत तर जन्मापासूनची. मी जन्मतः डावरा. जेवायला डावा हात पुढे केला की आई तो बाजूला सारायची, "हा नव्हे, तो," म्हणायची. शाळेत मात्र मास्तर मवाळ निघाले. "ज्या हातानं अक्षर चांगलं येतंय त्या हातानं लिही," म्हणाले. त्यामुळे मी एका हाताने जेवायला आणि दुसऱ्याने लिहायला शिकलो, आणि यातला उजवा कोणता नि डावा कोणता हे दोघांनीही सांगितलं नाही. अजूनही कुणी "उजवीकडे" म्हणालं की माझे दोन्ही हात मनातल्या मनात वर होतात.

याची जाहीर वाच्यता झाली ती माझ्या लग्नात. होमाच्या वेळी गुरुजी म्हणाले, "वधूनं आता वराच्या डाव्या बाजूला बसावं." इंदू उठली, मीही उठलो, आणि पाटांभोवती आम्ही दोघं अशी काही प्रदक्षिणा घातली की पुन्हा होतो तिथेच आलो. मग उलट्या बाजूने फिरलो. शेवटी तिच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, इंदूला खांद्याला धरून बसवलं. मांडव हसला. "नवरदेवाला डावं-उजवं कळत नाही," ही बातमी पहिली पंगत उठायच्या आत आचाऱ्यांपर्यंत पोचली होती.

आम्ही गाडी घेतली तेव्हा इंदूने यावर आपणहून तोड काढली. मी गाडी चालवायचो आणि ती शेजारी बसून रस्ता सांगायची. पण तिने मला कधी डावीकडे नि उजवीकडे म्हणून पेचात पाडलं नाही. डावीकडे वळायचं असलं की ती म्हणायची, "लिहा." उजवीकडे वळायचं असलं की, "जेवा." शब्द ऐकला की तो तो हात आपोआप स्टिअरिंग ओढायचा, मधे डोक्याचा संबंधच यायचा नाही. "अहो, पुढच्या चौकात जेवा," असं ती खिडकी उघडी असताना म्हणायची तेव्हा शेजारून जाणारे स्कूटरवाले वळून बघायचे. मला तिचं फार कौतुक वाटायचं. आपल्या नवऱ्याचं व्यंग इतक्या जपून झाकणारी बायको मिळाली, हे मी मनात अनेकदा घोळवलं होतं. तिला बोलून दाखवण्याचा धीर कधी झाला नाही.

नापास होऊन घरी आलो तेव्हा ती दारातच उभी होती.

"झालं?"

"नाही."

"काय म्हणाल्या बाई?"

"डावीकडे म्हणाल्या."

"आणि तुम्ही जेवलात," ती म्हणाली. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती खुर्चीवर बसली. "गुरुवारी आक्काचं ऑपरेशन आहे हो. ह्या नाही, पुढच्या गुरुवारी. बुधवारी तिला खाली आणायची आहे."

लायसन्सवाचून अडलं होतं ते इथे. आक्का वर डोंगरात, आंबवड्याला राहायच्या. वय झालेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चुलीवरचं दूध उतू गेलेलं त्यांना वासाने कळायचं, डोळ्यांनी नाही. दोन वर्षं इंदू त्यांच्या मागे लागली होती आणि दोन वर्षं त्या नाही म्हणत होत्या. गाडीत बसलं की घाटात त्यांच्या पोटातलं सगळं वर यायचं, आणि त्या भीतीने डोळे गेले तरी चालतील असं त्यांनी ठरवलं होतं. फक्त माझ्या गाडीत त्यांना काही व्हायचं नाही. "जनार्दनराव चालवतात तवा झाडं एकेक करून जातात," असं त्या म्हणायच्या. शेवटी त्यांनी एका अटीवर होकार दिला होता: घाट उतरीन तर जनार्दनरावांच्या गाडीत, नाहीतर डॉक्टरला वर पाठवा.

"इलाहीभाई येतो म्हणतायत," मी म्हणालो. "शिकाऊ लायसन्सवर चालतं. शेजारी लायसन्सवाला बसला म्हणजे झालं. गाडी मीच चालवीन, ते पुढं बसतील."

"मग मी कुठं बसू?"

"मागं. आक्कांजवळ."

"मागून मला नाही सांगता यायचं," इंदू म्हणाली.

"का?"

"नाही येत म्हटलं ना."

मला वाटलं, मागे बसून तिलाही मळमळत असेल. बहिणी त्या.

"तसंच जाऊ या का?" मी विचारलं. "नाक्यावर रोज थोडेच उभे असतात."

"तुम्ही? साखर वाटीत घेतानासुद्धा मागं वळून बघता. हवालदार दिसायच्या आत तुम्हीच थांबून त्याला शोधाल." तिने पदर खोचला. "सोमवारी मी येते मैदानावर."

"येऊन काय करणार? गाडीत बसू देत नाहीत दुसऱ्याला."

"बाहेर उभी राहीन. आवाज आहे ना मला."

आवाज होता. ती पाटीलकीच्या घरातली, बांधावरून बांधावर हाका मारून वाढलेली. मी नको म्हणालो, नियमाबाहेरचं आहे म्हणालो. ती म्हणाली की जेवा म्हणू नये असा नियम कुठल्या पुस्तकात असेल तर दाखवा. मी रात्री जेवताना विचार करून पाहिला. तसा नियम माझ्या वाचनात नव्हता.

इलाहीभाईंना योजना पसंत पडली. शनिवारी त्यांनी तिला मैदानावर नेऊन परीक्षेचा रस्ता दाखवला. मॅडम रोज सगळ्यांना एकाच रस्त्याने फिरवायच्या, त्यामुळे वळणं ठरलेली होती. इलाहीभाई टपरीपाशी उभे राहून हात करत होते आणि इंदू मान डोलवत होती. "टाकीपाशी तिकडं. खांबापाशी इकडं. मग परत तिकडं, की झालं."

"तिकडं, इकडं, तिकडं," इंदू म्हणाली. "कळलं."

"वैनी लई हुशार हायत सर," इलाहीभाई मला बाजूला घेऊन म्हणाले. "एकदा सांगितलं की पक्कं. तुमचं मात्र देवानं कसं जमवलं काय की."

सोमवारी सकाळी मी गाडीत बसलो. खैरमोडे मॅडम शेजारी बसल्या. इंदू टपरीच्या बाकड्यापुढे येऊन उभी राहिली, ठेवणीतली जरीकाठी नेसून, हाताची घडी घालून. बाकड्यावर तीच मागच्या वेळची माणसं होती. मला ओळखून त्यांनी चहा संपवायची घाई केली.

"काका, घाबरायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "चला."

गाडी निघाली. टाकी जवळ आली.

"डावीकडे घ्या."

माझ्या मनातले दोन्ही हात वर झाले. आणि तेवढ्यात मैदानावरून, टाकीवरून, त्या टाकीवरच्या कबुतरांना उडवत, इंदूचा आवाज आला.

"जेवाऽऽ"

हात पुढचं विचारत नाही. त्याने स्टिअरिंग ओढलं. बाकड्यावरची माणसं कप घेऊन उठली. इंदू मात्र जागची हलली नाही. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि ती काचेतून माझ्याकडे असं बघू लागली की जणू मीच काही वेडंवाकडं केलं होतं.

"तिकडं म्हणाले ना मी," ती म्हणाली.

"तू जेवा म्हणालीस."

"मग? तिकडंच जेवा."

मॅडमनी हातातला कागद मांडीवर उपडा ठेवला. "ह्या कोण?"

"आमच्या मंडळी."

"त्या तुम्हाला जेवायला का बोलावतायत? अकरासुद्धा वाजले नाहीत."

मग मला सगळं सांगावं लागलं. आईपासून. मास्तरांपासून. मी कधी नव्हे इतकं बोललो. लिहायचा हात, जेवायचा हात, शब्दकोशात सापडलेलं लायसन्स, आक्कांचे डोळे, बुधवार, गुरुवार. मॅडम मधे एकदाच बोलल्या.

"रस्त्यावर वळणाची पाटी असते. एकेरी रस्ता असतो. तिथं काय करता?"

"तिथं बाण असतो," मी म्हणालो. "बाण मला कळतो. ज्या बाजूला असेल त्या बाजूला दिसतो. शब्द कुठल्याच बाजूला दिसत नाही."

त्या खाली उतरल्या. मीही उतरलो. इलाहीभाई धावत आले आणि थोडं अलीकडेच थांबले.

"काकू," मॅडम इंदूला म्हणाल्या, "लिहायचा म्हणजे डावा, जेवायचा म्हणजे उजवा. बरोबर?"

"बरोबर."

"टाकीपासून मी डावीकडे सांगितलं. मग तुम्ही लिहा म्हणायचं की जेवा?"

"जेवा. माझ्यापासून पलीकडं ना ते. माझ्या बाजूला असलं की लिहा, आणि पलीकडं असलं की जेवा. एवढं सोपं आहे."

"गाडीत तुम्ही ह्यांच्या शेजारी बसता तेव्हा तसंच असतं," मॅडम सावकाश म्हणाल्या. "ह्यांचा लिहायचा हात तुमच्या बाजूला. पण आता तुम्ही दुसऱ्या बाजूला उभ्या आहात."

इंदूने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा टाकीकडे.

"काकू, जरा डावा हात वर करता?"

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. इंदूने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नव्हे, हातांकडे. मी तिच्या समोर उभा होतो. तिची नजर माझ्या लिहायच्या हातावर येऊन थांबली, आणि त्याच्या समोर आलेला आपला हात तिने हळूहळू वर केला. त्या हाताने सकाळी तिने मला चहा दिला होता. त्याच हाताने ती जेवायची. कसा का असेना, तो डावा नाही हे त्या दिवशी मलासुद्धा कळलं.

इलाहीभाई आकाशाकडे बघू लागले. "ऊन लई झालं," ते म्हणाले.

इंदूने हात खाली घेतला. मी इतकी वर्षं तिला ओळखत होतो, पण तिला लाजताना मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो. ती रागावली असती तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. लाजली तर काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

मॅडम तिच्याकडे बघून हसल्या नाहीत. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि स्वतः आत बसल्या.

"काकू, तुम्ही पुढं बसा."

"चालतं?" मी विचारलं.

"परीक्षेत मी गाडीत हवी, हे ठरलेलं आहे. कुठं बसायचं ते मी बघते. चला काका, मागं घ्या. परत पहिल्यापासून."

मी गाडी मागे घेतली. बाकड्यावरची माणसं बसली. आम्ही पुन्हा टाकीपाशी आलो.

"डावीकडे," मॅडम मागून म्हणाल्या.

गाडी टाकीच्या दिशेने सरळ चालली होती.

"काकू, सांगा त्यांना."

"बाई, तुम्ही कुठलं म्हणताय ते बोटानं दाखवा की," इंदू म्हणाली. तिचा आवाज एरवीच्या निम्माच होता.

मॅडमनी दोन सीटच्या मधून हात काढून बोट दाखवलं.

"हां. लिहा."

मी लिहिलं. गाडी फक्कीच्या रेषेला न शिवता वळली. खांबापाशी बोट उलट्या बाजूला गेलं, "जेवा," आणि मी जेवलो. तिसऱ्या वळणापाशी मॅडमचं बोट यायला उशीर झाला. इंदू वाट बघत होती, मीही वाट बघत होतो. मग मागून आवाज आला, अगदी कामाच्या सुरात, ज्या सुरात त्या इतरांना सूचना द्यायच्या.

"लिहा, काका."

टपरीवर कुणीतरी टाळी वाजवली. इलाहीभाईच असावेत.

उतरताना मॅडमनी कागदावर सही केली. "लायसन्स टपालानं घरी येईल. तोवर पास झाल्याचा हा कागद जवळ ठेवा. शब्दकोशात नको, खिशात." मग इंदूला म्हणाल्या, "काकू, ह्यांना एकट्याला पाठवत जाऊ नका."

"नाही हो," इंदू म्हणाली. "आणि मी तरी एकटी कुठं जाणार?"

घरी परतताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मंगळवारीही कामापुरतंच. मला तिला बरंच काही विचारायचं होतं, आणि प्रत्येक प्रश्न मनात लिहून काढल्यावर तो दुखवणारा वाटत होता. मी कपाटातून दोन पुस्तकं काढली, उघडली आणि तशीच ठेवून दिली.

बुधवारी पहाटे आम्ही आंबवड्याला निघालो. इंदू शेजारी बसली, पण तोंड खिडकीकडे. सरळ रस्त्याला काही अडलं नाही. घाटाच्या पायथ्याला फाटा फुटतो. एक रस्ता वर आंबवड्याला, दुसरा धरणाकडे. मी शेकडो वेळा तिथून गेलो असेन, पण वळायचो प्रत्येक वेळी तिच्या शब्दावर. मी फाट्यावर गाडी थांबवली.

इंदू बाहेर बघत होती.

मागून एसटी आली. तिने हॉर्न दिला.

"सांग की," मी म्हणालो.

"मला काय विचारता. माझी अक्कल मैदानभर दिसली."

"माझी लग्नातच दिसली होती. भर मांडवात."

एसटीने पुन्हा हॉर्न दिला. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मास्तर, रस्ता इसरला, का गाडी चालवायला?"

इंदूने गिअरवरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि तो नुसता दाबला.

"ह्या हाताला," ती म्हणाली. "लिहा."

आक्का तयारच होत्या. काळी चंद्रकळा, हातात लिंबू, खबरदारी म्हणून. मी त्यांना धरून मागच्या सीटवर बसवलं. घाट उतरताना त्यांनी लिंबू एकदाच हुंगलं आणि मांडीवर ठेवून दिलं. गाडी सावकाश चालली होती. झाडं एकेक करून मागे जात होती. ती त्यांना दिसत नव्हती, पण आवाजाने कळत असावीत.

"इंदे," त्या मधेच म्हणाल्या, "त्या मुल्लाचा फोन आला हुता शेजारच्या नान्याला. मैदानात तुझी फजिती झाली म्हणं."

"आक्का, गप बस."

"गप काय. मी म्हणलं, बरं झालं, फुटलं एकदाचं. लहानपणी म्हशी घेऊन डाव्या अंगाला जा म्हणलं की ही नदीत." त्या हसल्या. मग आवाज जरा खाली आणून, म्हणजे त्यांच्या मते खाली आणून, म्हणाल्या, "जनार्दनराव, लग्नात तुम्ही बसला हुता तिथं बराबर हुता बरं का. हीच आली उलट्या अंगाला. तुम्ही बिचारे तिला वाट द्यायला उठला. म्हणून तर खांद्याला धरून बसवली मी. आणि लोक तुम्हाला हसले ते हसू दिले. म्हणलं, नवरदेवाचं काय, त्याला खपतं. पोरीला कोण सांभाळून घ्यायचं?"

मी इंदूकडे पाहिलं. जेवा आणि लिहा तिने कुणासाठी शोधून काढलं होतं, हे मला फाटा दिसायच्या आत कळलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. मान वर केली नाही.

"तुमच्यासाठी आहे म्हटलं की कुणी काही विचारत नाही," ती हळूच म्हणाली. "बाईमाणसाला येत नाही म्हटलं की विचारतात."

मी गाडी जास्तच सावकाश केली.

"पुढं बघा," इंदू म्हणाली. आता तिचा आवाज पूर्ण होता, बांधावरून बांधावर जाणारा. फाटा आला होता. "अहो, जेवा."

मी मुकाट्याने जेवलो.